कर्ता आणि करण

गेल्या आषाढातील गोष्ट. हिमायतनगरच्या बालाजी मंदिरातून दर्शन घेऊन आम्ही बाहेर पडलो, तो पावसाने झोड उठविलेली. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या मावशी. एरवी नव्वद रुपयांत घरी पोहोचविणाऱ्या रिक्षाला मोबाइलवरील ॲपने दोनशे दहा रुपये सांगितले. दुसरे ॲप उघडले. त्याचाही भाव जवळजवळ तोच. रिक्षा आली तेव्हा मावशी चालकावर रागावल्या, "देव के दरवाजे पर तो मत लूटो बाबा!" तो शांतपणे म्हणाला, "हम क्या बोलते अम्मा, फोन बोलता."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. भाव त्याने ठरविला नव्हता, आणि कंपनीतील कोणा माणसाने त्या क्षणी ठरविला असेल असेही नाही. मग तो ठरविला कोणी?

व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन भाव चढविणे हा अपराध आहे, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात संगनमताने माल अडवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांस सहस्र पणांचा दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीनेही कारागिरांना जाचक होईल असा भाव संगनमताने ठरविणाऱ्यांस उत्तम साहसाचा, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा, दंड ठेवला. त्या स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणी नगरीत. हे कल्याणी 1956 पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होते. या दोन्ही ठिकाणी कळीचा शब्द एकच आहे : 'संभूय', म्हणजे एकत्र येऊन. 2002 च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलमही करारावर उभे आहे. तो लेखी असण्याची गरज नाही, आपसातील समजूतही पुरते. पण समजूत व्हायला मने दोन तरी लागतात.

नेमकी येथेच अडचण येते. ओला आणि उबर यांच्या भाव ठरविणाऱ्या गणितामुळे, म्हणजे अल्गोरिदममुळे, चालकांची आपसातील स्पर्धा नष्ट होते, अशी तक्रार एका विधिज्ञाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. चालकांमध्ये भावाविषयी कोणताही करार दिसत नाही, म्हणून आयोगाने 6 नोव्हेंबर 2018 रोजी ती निकाली काढली. 15 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हा निष्कर्ष कायम ठेवला. कायद्याच्या चौकटीत हा निर्णय आम्हांस चुकीचा वाटत नाही. पुराव्यावाचून संगनमत गृहीत धरणे हा निराळा अन्याय होईल. शिवाय चढा भाव म्हणजे पाप असेही नाही. पावसात भाडे वाढले म्हणून चार रिक्षा अधिक रस्त्यावर येत असतील, तर त्याचा लाभ मावशींनाच आहे. शेजारच्या दुकानाचा भाव पाहून आपला भाव ठेवणे हाही गुन्हा नव्हे.

तथापि मन येथे थांबत नाही. दोन यंत्रे एकमेकांचे भाव क्षणोक्षणी पाहत असतील, आणि भाव उतरविण्यात लाभ नाही हे दोघांनाही अनुभवाने उमगले, तर कोणी कोणाशी एक शब्दही न बोलता संगनमताचे फळ मिळेल. तेव्हा 'संभूय' कोण झाले?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत कर्ता एक आणि करण, म्हणजे साधन, दुसरे. दोहोंची गणना वेगळी केली आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. यंत्र कितीही चतुर झाले तरी ते करणच. जास्तीत जास्त नफा हे ध्येय त्याच्यापुढे ठेवणारा माणूस असतो, आणि फळ घेणाराही माणूसच. जो फळ घेतो त्याने 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणणे शोभत नाही. रिक्षाचालकाच्या तोंडी 'फोन बोलता' हे सत्य आहे. कंपनीच्या तोंडी तेच वाक्य पळवाट ठरते.

म्हणून शिक्षेपेक्षा आधी कर्तव्य निश्चित व्हावे, असे आमचे मत आहे. भाव कोणत्या नियमाने चढतो ते उघड सांगावे, हिशेब जपून ठेवावा, आणि आपल्या यंत्राची वेळोवेळी परीक्षा करावी. आयोगाने 2025 साली कृत्रिम बुद्धिमत्ता आणि स्पर्धा या विषयावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही उद्योगांनी अशी आत्मपरीक्षा करावी असे सुचविले आहे. 2025 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी वाढीव भाड्याला मूळ भाड्याच्या दुपटीची मर्यादा घातली, हेही योग्यच. परंतु मर्यादा केवळ किती घ्यावे ते सांगते; उत्तर कोणी द्यावे ते सांगत नाही.

आपल्या देवळांत दानपेटी उघडतात ती पंचांसमक्ष. मोजणी चारचौघांत होते. त्यात विश्वस्तांवर संशय असतो असे कोणी मानत नाही. उलट विश्वस्तच ती मोजणी उघड्यावर व्हावी असा आग्रह धरतात. लक्षावधी लोकांच्या खिशात रोज हात घालणाऱ्या यंत्राच्या धन्यांकडून आम्ही याहून अधिक काही मागत नाही.