थेंबाचा सहावा घात

कल्याणला खाडीकाठच्या घरांत शिरणारं पाणी बरंचसं कल्याणात पडलेलं नसतं. ते घाटावरून येतं. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून उतरते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत आपल्यापर्यंत पोचते. 27 जुलै 2019 ला याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्यामुळे पावसाळ्याच्या रात्री आम्हा खाडीकाठच्या लोकांचा खरा प्रश्न एवढाच असतो, की वर घाटात आत्ता किती पडतोय?

त्याचं उत्तर रडारने द्यावं अशी अपेक्षा आहे, आणि ती गैर नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. दोन-चार पर्जन्यमापकांवर विसंबून हा प्रदेश कळत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पुढे 2010 मध्ये कुलाब्याला डॉप्लर रडार सुरू झालं, 2022 मध्ये मुंबईतच वेरावलीला दुसरं. मात्र रडार पाऊस मोजत नाही. ते आकाशात लहरी सोडतं आणि थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी मोजतं. त्या प्रतिध्वनीवरून पाऊस किती, हे माणसाने ठरवलेलं सूत्र सांगतं.

खरी अडचण या सूत्राच्या पोटात आहे. थेंबातलं पाणी व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढतं, तर त्याचा प्रतिध्वनी सहाव्या घाताने. एक मिलिमीटरचे 27 थेंब एकत्र केले तर तीन मिलिमीटरचा एक थेंब होतो, पाणी तेवढंच. पण तो एकटा थेंब रडारला एक मिलिमीटरच्या 729 थेंबांइतका दिसतो. मे अखेरच्या वळवाचे टपोरे थेंब आणि जुलैत घाटावर दिवसभर कोसळणारी बारीक, दाट संततधार यांतून सारखंच पाणी पडत असलं, तरी रडारच्या लेखी ते दोन अगदी वेगळे पाऊस असतात.

थेंब मोजायची जिज्ञासा रडारपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली हिमकणांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहे, पण 1904 मध्ये त्याने पावसाच्या थेंबांवरही लेख लिहिला. त्याची रीत कोणत्याही स्वयंपाकघरात जमेल अशी होती. पसरट भांड्यात इंचभर चाळलेलं पीठ घ्यायचं, काही सेकंद पावसात धरायचं आणि वाळू द्यायचं. जिथे थेंब पडला तिथे पिठाची घट्ट गोळी होते. त्या गोळ्या वेगळ्या काढून मापायच्या. कुतूहलापलीकडे त्याचा हेतू नव्हता, आणि म्हणूनच मला तो माणूस फार मोठा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधणाऱ्या रडारच्या पडद्यावर पाऊस हा नुसता अडथळा होता. युद्ध संपल्यावर माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मार्शल आणि पामर यांनी त्याच अडथळ्याकडे माहिती म्हणून पाहिलं. रंग लावलेल्या गाळणकागदावर थेंबांचे डाग घेऊन त्यांनी 1948 मध्ये थेंबांच्या आकारांची सरासरी वाटणी मांडली. तिच्याशी जोडलेलं प्रतिध्वनी आणि पाऊस यांचं सूत्र जगभर रूढ झालं. ते मुळात कॅनडातल्या पावसाचं होतं, याचा मात्र हळूहळू विसर पडला.

1953 मध्ये डंकन ब्लँचर्ड यांनी हवाई बेटांवर डोंगराला अडून पडणारा पाऊस मोजला. थेंब बारीक निघाले आणि सूत्र पार बदललं. फरक किती पडतो, ते आकडेमोड करून बघावं. 40 डेसिबलच्या प्रतिध्वनीला कॅनडाचं सूत्र तासाला साधारण 11.5 मिलिमीटर पाऊस सांगतं, हवाईचं 29. पडद्यावरचा रंग एकच, पाऊस अडीचपट. आपल्याकडे रमण मूर्ती आणि गुप्ता यांनी 1959 मध्ये दिल्ली आणि खंडाळा इथल्या मोसमी पावसाचे थेंब मोजून अभ्यास प्रसिद्ध केला. खंडाळा म्हणजे उल्हासचंच माहेर. अलीकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने महाबळेश्वर परिसरात थेंबमापक उपकरणं लावली. घाटावरच्या उथळ ढगांतून बारीक थेंबांचाच भरणा अधिक असतो, हे त्यांतून दिसलं आहे. म्हणजे सरसकट सूत्र वापरलं, तर आपल्याला पूर आणणारा पाऊस नेमका जिथे पडतो, तिथेच रडार तो कमी दाखवण्याचा धोका जास्त.

कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांची धारणा अशी होती, की प्रत्येक ठिकाणाचं योग्य सूत्र सापडलं की काम झालं. 1973 मध्ये लुई बॅटन यांनी आपल्या पुस्तकात अशी 69 सूत्रं एकत्र दिली. ती यादी बघताना वाटतं, की शोध चालू होता त्या दिशेला शेवटच नव्हता. एकाच ढगातून एकाच तासात थेंबांची वाटणी बदलते, तिथे गावागणिक सूत्र काय पुरणार?

1976 मध्ये सेलिगा आणि ब्रिंगी यांनी वेगळी वाट सुचवली. मोठा थेंब चित्रातल्यासारखा टोकदार नसतो. हवेच्या रेट्याने तो खालून चपटा होतो, पावासारखा. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडल्या तर त्यांच्या प्रतिध्वनीतल्या फरकावरून थेंब किती चपटे, म्हणजे किती मोठे, याचा अंदाज येतो. वेरावलीचं रडार याच जातीचं आहे. पण उपकरण सुधारलं म्हणून अंतर मिटत नाही. कुलाबा ते कल्याण सुमारे 50 किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत रडारचा एक अंश रुंदीचा झोत जमिनीपासून अर्ध्या किलोमीटरहून वर गेलेला असतो आणि जवळपास 900 मीटर फाकलेला असतो. घाटापर्यंत तो आणखी वर जातो, वाटेत डोंगर अडवतात, आणि उथळ ढगांचा पाऊस बराचसा खालीच घडत राहतो.

मग पर्जन्यमापकाशी ताडून बघावं, तर त्याचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं. रडारचा एक चौरस किलोमीटरचा चौकोन त्याच्या पाच कोटी पट. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर चूक कोणाची, हे दर वेळी सांगता येत नाही.

या विचारातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं वळण इथे येतं. चूक शून्यावर आणण्याचा हट्ट सोडून तिचा आकार मोजायला लोक लागले. स्वित्झर्लंडमध्ये उर्स गेरमान आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आल्प्ससाठी केलेली मांडणी बघा. रडारवरून पावसाचा एकच नकाशा काढण्याऐवजी, चुका कशा आणि किती होतात हे जमेस धरून त्यांनी संभाव्य नकाशांचा संच तयार केला आणि प्रत्येक नकाशा नदीच्या गणितात घातला. उत्तर म्हणून पुराची एक रेघ येत नाही, पट्टा येतो.

उल्हाससाठी असा पट्टा हवा. ‘तासाला 12 मिलिमीटर’ ऐकून निवांत राहणारा अधिकारी ‘12 ते 30’ ऐकल्यावर वालधुनी नदीकाठच्या वस्तीत माणसं पाठवील. दोन्ही आकडे एकाच प्रतिध्वनीतून निघालेले असतात, पहिल्यातून फक्त शंका वगळलेली असते. नागरिकांना एवढी गुंतागुंत झेपणार नाही, हा युक्तिवाद मला मान्य नाही. भरतीची वेळ आणि धरणाचा विसर्ग यांचा मेळ घालून सामान माळ्यावर चढवणाऱ्या लोकांना दोन आकडे कळतात. मुंबईभोवती लहान एक्स-बँड रडारचं जाळं आखलेलं आहे. त्यासोबत कर्जतच्या वर, नदीच्या उगमाकडे, कायमचे थेंबमापक बसले पाहिजेत. पट्टा किती रुंद ठेवायचा, हे तिथले थेंबच सांगतील.