ईशानला घरी पाठव

चि. अनघा,


मुलांसाठी लिहिलेल्या तुझ्या गोष्टीचं हस्तलिखित वाचलं. ओहोळाला पूर आल्यावर वनजा आणि तिचा भाऊ दगडावर अडकून बसतात ते प्रकरण फार छान उतरलंय. त्याला हात लावू नकोस. बाकीच्याबद्दल मुद्दाम पत्रातून लिहिते आहे, कारण फोनवर तू दर वाक्याला स्वतःची बाजू मांडत बसतेस.

पहिलं म्हणजे तुझा ईशान. वडिलांच्या बदलीमुळे पुण्याचा हा मुलगा तलासरीजवळच्या पाड्यावर येतो. वनजा त्याला जंगल दाखवते, आजी वाघदेवाची गोष्ट सांगते, मोबाइलवाचून करमतं हे त्याला कळतं आणि तो शहाणा होऊन परत जातो. पण या सगळ्यात वनजाला काय मिळालं? ती कधी चिडत नाही, खोटं बोलत नाही, खेळात रडीचा डाव खेळत नाही, कशाचा हट्ट धरत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला सबंध पुस्तकभर काहीच नको असतं, हे मला पटत नाही. तू तिला वनखात्याची गाइड करून ठेवलीस. सुट्टी ईशानची, शहाणपणही त्याचंच, आणि तिच्या वाट्याला फक्त पाहुण्याला टाटा करणं. एकच प्रसंग असा आहे की तिथे ती घाबरते, भावावर खेकसते आणि आईने मारलं तर काय, या विचाराने रडकुंडीला येते. तो म्हणजे ओहोळाचा, आणि त्या प्रकरणात ईशान नाही. यातच काय ते आलं.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. तू लिहितेस, ‘तारपा म्हणजे सुकवलेला दुधी भोपळा आणि बांबू यांपासून केलेलं आदिवासींचं पारंपरिक वाद्य.’ आता समज, तलासरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गासमोर उभी राहून तू हे वाचते आहेस. मुलं एकमेकांकडे बघतील. घरात खुंटीला टांगलेली वस्तू ही बाई आपल्याला का समजावते आहे? मग त्यांच्या लक्षात येईल की बाई आपल्याशी बोलतच नाहीये, आपल्या डोक्यावरून पाठीमागच्या कुणाशी तरी बोलते आहे. आपल्या उंबऱ्याबाहेरच्या लोकांवर लिहिलेल्या मुलांच्या गोष्टी बहुतेक इथेच फसतात. माहिती चुकलेली असतेच असं नाही. पण ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच वाचकांच्या रांगेतून उठवलेलं असतं.

पुण्यातल्या मुलांना कळणार नाही, असं तू म्हणशील. कळेल गं. आमच्या लहानपणी रशियन पुस्तकं मराठीत यायची, स्वस्त आणि चकचकीत. समोवार म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. माणसं त्याच्याभोवती बसून चहा पितात, एवढ्यावर भागलं. तारप्याभोवती लोक नाचतात, वनजाला त्या साखळीत मधे शिरायचंय आणि मोठ्या मुली तिचा हात धरत नाहीत, एवढं लिहिलंस की सदाशिव पेठेतल्या मुलालाही तारपा कळेल.

एझ्रा जॅक कीट्सचं ‘द स्नोई डे’ मिळवून पुन्हा बघ. कीट्स ब्रुकलिनचा, पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला. १९६२ साली त्याने पीटर नावाचा काळा मुलगा लाल डगला घालून बर्फात खेळायला सोडला. तो काळा आहे हे मजकुरात कुठेही येत नाही. पीटर बर्फात पावलं उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, एक गोळा खिशात ठेवून घरी आणतो आणि नंतर तो वितळलेला बघून खट्टू होतो. बस, एवढीच गोष्ट. तिला पुढच्या वर्षी कॅल्डेकॉट पदक मिळालं, आणि २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाने आपल्या सव्वाशे वर्षांतलं सर्वांत जास्त वेळा घरी नेलेलं पुस्तक म्हणून त्याचंच नाव जाहीर केलं. यावरही टीका झालीच. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी पीटरच्या आईच्या चित्राला बोल लावला: गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या जाड्या काळ्या दाईचं ठरीव चित्रच पुन्हा काढलंय म्हणून. तेव्हा तुझ्यावरही टीका होणार, हे धरून चाल.

आता तपशील. वनजा कंटाळा आला की घराच्या भिंतीवर चित्रं काढत बसते, असं तू दाखवलंस. मोठ्या शहरातल्या हस्तकलेच्या दुकानात उभं राहिलं की असंच वाटतं खरं. पण मुळात ही वारली चित्रं लग्नाची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने सवाशिणी चौक लिहितात. चौकात पालघट देवी बसते. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते, म्हणजे पुरोहितही बाईच. केवढी मोठी गोष्ट तुझ्या हाताशी आहे बघ! घरात मावशीचं लग्न, बायका चौक लिहायला बसलेल्या, आणि वनजाला काडी हातात हवी आहे, पण कुणी देत नाही. मला तर हेच पहिलं प्रकरण दिसतं. १९७०च्या दशकात ही कला कागदावर आली आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यासारखा पुरुष तिचा सर्वांत नावाजलेला कलावंत झाला, २०११ साली पद्मश्रीपर्यंत पोचला. त्यामुळे आज पाड्यावरचा एखादा काका गिऱ्हाइकासाठी कापडावर चित्रं काढत असेल, तेही खरंच आहे. दोन्ही दाखव. नको आहे ती फक्त कंटाळ्यापायी रंगणारी भिंत.

तारपा तू जूनच्या पेरणीत वाजवलास. तो भात तयार होण्याच्या सुमाराचा. ‘वनजा’ हे नाव पाड्यावर कुणी ठेवेल असं वाटत नाही, तिथल्या हजेरीपटावर तुला रोशनी, करिश्मा, साहिल भेटतील. आजी असेल मंगळी नाहीतर बुधी. संवादांत सगळी माणसं ‘आमी न्हाय जानार’ छापाचं बोलतात, ते कोल्हापूर-साताऱ्याकडच्या तमाशापटांतून आलेलं ग्रामीण मराठी. डहाणू-तलासरीची बोली निराळी आहे, गुजरातीच्या शेजारची. ती कानात बसली नसेल तर संवाद सरळ साध्या मराठीत लिही. खोट्या बोलीपेक्षा ते शंभर पटींनी बरं.

‘भोळेभाबडे वारली’ हा शब्दप्रयोग चार ठिकाणी आहे, चारही काढ. हे भोळे लोक १९४५ साली जमीनदारांची वेठबिगारी आणि लग्नगड्याची पद्धत झुगारून उठले होते. लग्नाला घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, अशी ती पद्धत. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचल्याशिवाय तलासरीवर एक ओळही लिहू नकोस. उठाव गोष्टीत आणायलाच हवा असं नाही, पण आजीच्या बोलण्याला जी धार हवी ती तुला त्यातून सापडेल. शिवाय आजचा पाडा म्हणजे काही नुसतं जंगल नव्हे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीवरून जातो. कुणाचा बाप बोईसरच्या कारखान्यात असतो, कुणाची आई डहाणूच्या चिकूच्या वाडीत. मोबाइल ईशानआधी तिथे पोचलाय.

चित्रांबद्दल प्रकाशकांचं म्हणणं मला ठाऊक आहे: वारली पद्धतीची काढून घेऊ, पुण्यातच कुणाकडून तरी. याला ठाम नकार दे. एकतर तिथल्या कलावंताला बोलाव, त्याचं नाव मुखपृष्ठावर तुझ्याइतक्याच मोठ्या अक्षरांत येऊ दे आणि मानधनही तसंच. नाहीतर साधी, नाकीडोळी असलेली चित्रं घे. दोन त्रिकोण आणि एक गोल यांत रडकुंडीला आलेली पोरगी कशी दिसणार? चित्रं पुस्तक कसं बुडवतात, त्याचं उदाहरण आपल्याच देशात घडलंय. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई डॉक्टर नवऱ्याबरोबर कितीतरी वर्षं भारतात राहिली. १८९९ साली तिची ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ आली. गोष्ट झकास: मुलगा वाघांना फसवतो, वाघ झाडाभोवती पळून पळून वितळतात, त्यांचं तूप होतं. पण नाव ठेवलं काळ्यांना हिणवायला वापरत ते, आणि चित्रं अशी की पुढे पिढ्यान् पिढ्या काळ्या मुलांना वर्गात त्यावरून चिडवलं गेलं. १९९६ साली फ्रेड मार्सेलिनोने नावं बदलून, चित्रं नव्याने काढून तीच गोष्ट ‘बाबाजी’ची केली, आणि ती मजेत वाचता येते. तेव्हा तिथे वर्षानुवर्षं राहिलं की सगळं साधतं, असंही नाही.

ईशान तुला सोडवतच नसेल, बाहेरून आलेल्याचीच नजर हवी असेल, तर भज्जू श्यामसारखी हिंमत कर. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा हा गोंड चित्रकार लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेला आणि त्यावर ‘द लंडन जंगल बुक’ झालं. त्यात बिग बेनचा कोंबडा झालाय आणि भुयारी रेल्वेचं गांडूळ. इंग्रज कसे असतात हे मला कळलं, असा आव त्यात नाही. मला हे असं दिसलं, एवढंच तो म्हणतो, आणि हसू येतं ते त्याच्या नजरेचं. तसा ईशान लिहायचा तर हसं त्याचं झालं पाहिजे आणि शेवटी त्याने कुणाकडून काही शिकता कामा नये. पण मला विचारशील तर त्याला घरीच पाठव.

‘मला हे लिहिण्याचा हक्क आहे का?’ असं तू शेवटी विचारलंस. लिहायला कुणी अडवलेलं नाही. मराठी बालसाहित्य फार काळ दोन-चार पेठांतच खेळत राहिलं, तेव्हा तू बाहेर पडलीस हे चांगलंच. मात्र छापण्याआधी ते तिथे वाचून दाखव. एकाच शिक्षकाला दाखवून ‘छान आहे’ ऐकून परत येऊ नकोस, ते भिडेपोटी म्हणतात. चौकाचा भाग बायकांना ऐकव. त्यांनी अमुक लिहू नका म्हटलं तर कारण न विचारता खोड. आणि मुलांसमोर वाचताना आपण विनोद केलेला नाही तिथे ती हसली, तर त्या जागेवर खूण कर.

एक व्यवहाराचं. गणपती झाले की लगेच जा. कापणी सुरू झाली की कुणाला सवड नसते, आणि दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला निघतात, पोरंही बरोबर जातात. मुक्काम शाळेत नको, कुणाच्या घरी जमतंय का बघ, आणि जेवणाखाणाचे पैसे मोजून दे. चौकाचं पहिलं प्रकरण त्याआधी लिहून झालं तर मला पाठव.

तुझी,
सुमनमावशी