पोपट कोणत्या रकान्यात?



आपल्या धर्मशिक्षण वर्गात टीचरने लहान मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगितले, एक पाळीव प्राण्यांचा, दुसरा जंगली प्राण्यांचा. गाय, बकरी, बदक, कोल्हा, वाघ बिनचूक जागी गेले. एका सात वर्षांच्या मुलीने मात्र पोपट पाळीव रकान्यात लिहिला. टीचरने फुली मारली, तर म्हणते, "पण आमच्या घरी आहे ना!" वही माझ्याकडे आली. फादर सांगतील!

मला पटकन उत्तर देता येईना. लहानपणी आमच्या ओटीवरही पिंजरा टांगलेला असे. पेरू, मिरची, भिजवलेली डाळ मीच घालायचो आणि पंख कापताना पोपटाला धरायचोही मीच. माझा त्याच्यावर जीव नव्हता असे कसे म्हणू?

प्राण्यांशी दयेने का वागायचे? सेमिनरीत शिकलेले संत थॉमस अक्वायनस यांचे उत्तर असे की, जनावराला छळणारा उद्या माणसाला छळेल. आपण आईवडीलही मुलांना हेच सांगतो. ते खरे आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर मांजर म्हणजे मुलाने दया गिरवायची पाटी ठरते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभा म्हणते की, प्राणी नुसत्या असण्यानेच देवाचा गौरव करतात. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ मध्ये 'लाउदातो सी'त त्यांचे देवापुढे स्वतःचे मोल असल्याचे सांगितले. ईयोबाच्या पुस्तकात तर देव रानगाढव, रानबकरी, शहामृग यांच्याविषयी किती कौतुकाने बोलतो! त्यांतला एकही ईयोबाच्या उपयोगाचा नाही. आपली मुले मात्र 'गाय दूध देते, कोंबडी अंडी देते' एवढेच पाठ करतात.

अनुवादाच्या पुस्तकात दोन लहान नियम आहेत. मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नये, हा एक. घरटे सापडले तर पिलांबरोबर आईला धरू नये, तिला जाऊ द्यावे, हा दुसरा. दावणीला बांधलेल्या जनावराचे अन्न शोधण्याचे स्वातंत्र्य आपण घेतले, म्हणून आपल्या जेवणाआधी त्याचे पाणी. सणाच्या दिवशीही! रानातल्याची काळजी म्हणजे हात आवरणे. मुलांना पहिली गोष्ट लवकर समजते. दुसरी मला चाळिशीत समजते आहे.

म्हणून मी तिला सांगितले, "पोपट रानातलाच, तुमच्याकडे अडकलाय." तिने लगेच विचारले, "मग सोडू?" तेही बरोबर नाही. पंख कापलेला, माणसाळलेला पक्षी खिडकीतून सोडला तर कावळे त्याला जगू देत नाहीत.

मी तिच्या घरी गेलो. आपल्याकडचे पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे वडिलांना ठाऊक नव्हते. ते कळवळून म्हणाले, "फादर, वाऱ्यात माड पडला तेव्हा ढोलीतून पिल्लू खाली आले. आम्ही वाचवले." त्यांनी वाचवले होते, यात शंका नाही. पण वाचवल्याने तो त्यांचा झाला का? यावर आम्ही चहा थंड होईपर्यंत बोललो. शेवटी वनविभागाला फोन करायचे ठरले.

मुलगी पिंजऱ्यापाशीच उभी होती. तिने विचारले, "तिथे त्याला पेरू देतील?"

मी विचारून सांगतो म्हणालो आहे.

तुमचा,
फादर