लांडग्याचं नाव, गणित कुणाचं?

बियाण्याचं पाकीट बदललं म्हणून वाण बदलला, असं आमच्या जालन्यात कुणी मानत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथेच महिको सुरू केली. बियाणं हा या शहराचा जुना धंदा. नवा वाण आला की तो जुन्याशेजारी, त्याच रानात, त्याच पाण्यावर लावून बघायचा. मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या क्षेत्रात मात्र नुसत्या पाकिटांची चलती आहे.

मुंग्या वाटेवर गंध सोडतात. जवळच्या वाटेवर ये-जा जास्त, म्हणून तिथला गंध दाटतो. बाकीचा उडून जातो. यावरून मार्को डोरिगो यांनी 1992च्या प्रबंधात चांगला मार्ग शोधण्याची रीत मांडली. 1995 साली केनेडी आणि एबरहार्ट यांनी पक्ष्यांच्या थव्यावरून दुसरी मांडली: प्रत्येक कण स्वतःची आणि थव्याची आजवरची सर्वांत चांगली जागा लक्षात ठेवून सरकतो. दोन्हींत खरंच नवं काही होतं. मग मधमाशी, काजवा, कोकिळा, वटवाघूळ, लांडगा अशी रांगच लागली. 2020 साली डोरिगो आणि सहकाऱ्यांनी लांडगा, काजवा, वटवाघूळ हे तिन्ही उघडून पाहिले. आत थव्याचंच जुनं गणित आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

लांडग्याचं तर आणखीच. 2014च्या या अल्गोरिदममध्ये टोळीचा म्होरक्या 'अल्फा' असतो. पण लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्येच लिहिलं होतं, की रानातली टोळी म्हणजे सहसा आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे गणितही जुनं आणि लांडगाही खरा नाही.

उत्तर मिळतंय ना, मग नावाचं काय एवढं? तुम्ही विचाराल. थवा डोळ्यांपुढे आला म्हणूनच मला हे गणित कॉलेजात कळलं. उपमेचं ते ऋण मी मानतो. पण समजावायला घेतलेली उपमा पुरावा म्हणून चालवली, की ती फसवणूक होते. आधीच्याचं श्रेय पुसलं जातं. आणि नाव खरं मानून फायनल इयरचा प्रोजेक्ट करणारी पोरं खणलेलीच विहीर पुन्हा खणत बसतात.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. प्राण्याचं नाव काढून टाकायचं. मागे जे उरेल, तेवढंच आपलं. थोडं उरलं, तर थोडंच सांगायचं.