आजचं चिंतन : गीता अध्याय १६, आसुरी लक्षणं नेमकी कुणाची?



आज सोळावा अध्याय वाचला. चौथ्या श्लोकात भगवंत आसुरी लक्षणं सांगतात: दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा, अज्ञान. वाचताना मला लगेच माझा एक जुना टीम लीड आठवला.

बोलायला एकदम गोड. रिलीज फसलं त्या रात्री त्याने सगळ्यांसाठी वडापाव मागवले. सकाळी मॅनेजरसमोर सगळा दोष एका फ्रेशरवर ढकलला, तोही अगदी शांतपणे, हसतमुखाने. काही महिन्यांत त्या मुलाने राजीनामा दिला.

आम्ही त्या लीडला मागे 'सायको' म्हणायचो. पण हा शब्द असा सहज वापरायचा नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेकली यांनी १९४१ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच 'मुखवटा' आहे. पुढे रॉबर्ट हेअर यांनी २० मुद्द्यांची यादी केली. वरवरची मोहिनी, सराईत खोटेपणा, पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाबद्दल कोरडेपणा हे त्यातले काही. ती यादी प्रशिक्षित तज्ज्ञांनी वापरायची असते. कॅन्टीनमध्ये बसून निदान करणं आपलं काम नाही.

आपलं काम वेगळं आहे. त्या मीटिंगमध्ये मी होतो. चूक कुणाची, हे माझ्याकडच्या लॉगमध्ये स्पष्ट दिसत होतं. पण अप्रेजल जवळ आलं होतं, मी गप्प बसलो. लीडला वाईट वाटलं नसेल, मला वाटलं. त्या मुलाला काय फरक पडला? नंतर टीममध्ये कुणीच चूक कबूल करेना, बग लपवले जाऊ लागले. एका माणसाचा कोरडेपणा असा सगळ्यांत उतरतो, आणि त्याला वाट आपलं मौन करून देतं.

याच अध्यायात दैवी गुणांची यादी आधी येते. तिचा पहिला शब्द आहे 'अभय'. सत्य त्याच्यानंतर येतं. मला सत्य माहीत होतं, अभय नव्हतं.

पसायदानात माऊली दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागतात. तो जाईपर्यंत त्याच्या तावडीत सापडलेल्याच्या बाजूने उभं राहणं आपल्याकडे आहे. मनात राग न ठेवता, पण स्पष्ट बोलून.

त्या मुलाला काल मेसेज केला. माफी मागितली. अजून उत्तर नाही.

तुमच्याकडेही असा एखादा न उघडलेला लॉग आहे का? आज जपाला बसण्याआधी जरा बघा.

राम कृष्ण हरी.