रसिकतेचा अहंकार

माझे दोन छंद शेजाऱ्यांना वेडेपणा वाटतात. एक, हेवी मेटलच्या तबकड्या. दुसरा, ज्यांत वरवर काहीच घडत नाही असे चित्रपट. आमच्या वडशाकडे दिवाळी सरली की झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. तिथे 'ब्लॅक सॅबथ'च्या १९७० सालच्या पहिल्या तबकडीची थोरवी कुणाला सांगावी? पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोके गमावलेल्या टोनी आयोमीने बोटांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवून गिटार वाजवली, असे मी सांगे. लोक म्हणत, "मास्तर, आधी आवाज कमी करा." मग मी त्यांना मनातल्या मनात अरसिक ठरवून मोकळा होई.

गेल्या दिवाळीत घरी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) लावला. तारखांमागून तारखा पडतात. कॅमेरा जागचा हलत नाही. मुले उठून गेली. आईचे डोळे मिटलेले पाहून मी पुटपुटलो, "हिला काय कळणार!"

चित्रपट संपल्यावर आई म्हणाली, "शेताच्या खटल्यात तारखेले असंच बसून राहा लागे, बापू."

दिग्दर्शकाच्या ज्या संयमाची मी वाखाणणी करीत होतो, तो तिने कचेरीच्या बाकावर भोगला होता. मला लाज वाटली. आपल्याला कलाकृती आवडते, की ती इतरांना आवडत नाही याचे मोठेपण आवडते? छंदाने माणसाचे कान-डोळे उघडावेत. माझे घरच्या माणसांपुरते मिटले होते.

यंदा आईबरोबर नाटकाला रात्रभर बसणार आहे. नाटक कसे झाले, ते आधी तिलाच विचारीन.