मीठ, जंतू आणि स्वभाव

चंडिकामातेच्या टेकडीलगत वसलेल्या जूचंद्र गावाने भोवतालच्या खाजणांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविले असल्यामुळे, मीठ नासाडीला अटकाव करते हे तेथे कोणाला शिकविण्याची गरज नाही. परंतु हेच मीठ रोगजंतूचे लपलेले सामर्थ्य उघडकीस आणते, ही गोष्ट विचारी मनुष्याला क्षणभर थांबविणारी आहे. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मेथिसिलिनच्या वर्गातील औषधांना दाद देतो की नाही, हे पाहण्याच्या एका रूढ पद्धतीत अगारच्या माध्यमात 4 टक्के मीठ आणि दर मिलिलिटरला 6 मायक्रोग्रॅम ऑक्सासिलिन हे त्याच वर्गातील औषध घालून, तबकडी 35 अंशांहून अधिक तापू न देता, पुरे 24 तास ठेवतात. कारण प्रतिकाराचे जनुक साऱ्या वंशात असूनही त्याचा ठळक आविष्कार पुष्कळदा विरळ्या पेशींतच होतो, आणि मीठ नसले किंवा उष्णता वाढली, तर तोही नजरेतून निसटण्याचा संभव असतो.

क्षयरोगावरील पायराझिनामाइडचा प्रकार नेमका उलटा आहे. हे औषध आम्ल माध्यमातच आपला प्रभाव दाखविते. ती आम्लता उणी पडली, अथवा पेरलेले जंतू प्रमाणाबाहेर होऊन त्यांनीच ती घालविली, तर औषधाला वश होणारा जंतूही प्रतिकारक म्हणून दप्तरी दाखल होतो. एक माध्यम अपराध्याला निर्दोष सोडते, तर दुसरे निरपराध्यावर आळ घेते. मग प्रतिकार हा जंतूचा स्वभाव मानावा, की वेदान्ती जिला उपाधी म्हणतात त्या भोवतालच्या अटीचा केवळ परिणाम?

या प्रश्नाचा एक धागा जवळच सापडतो: जूचंद्राच्या उत्तरेस काही मैलांवर सोपारे हे जुने बंदर आहे. पाली वाङ्मयातील ‘उदान’ या ग्रंथात याच बंदरी राहणाऱ्या बाहिय नामक साधकाची कथा येते. आपण अर्हत झालो या समजुतीला तडा गेल्यावर तो श्रावस्तीस धावला, आणि जे दिसले त्यात आपल्या पदरचे काही न मिसळण्याचा उपदेश त्याला बुद्धाकडून मिळाला. तबकडीवर दिसते ती वाढ. ‘प्रतिकार’ हे तिच्यावरून केलेले अनुमान होय, आणि ज्या अटींवर ते उभे आहे त्या विसरल्या की अनुमानच प्रत्यक्षाच्या गादीवर बसते.

मुंबईत हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहिला नाही. हिंदुजा रुग्णालयातील चिकित्सकांनी, तपासलेल्या प्रत्येक औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांची माहिती 2011 च्या अखेरीस प्रसिद्ध केली, तेव्हा त्या व्याधीला ‘संपूर्ण प्रतिकारक’ असे नाव दिले गेले. मार्च 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बोलाविलेल्या तज्ज्ञांनी मात्र, कित्येक औषधांची प्रयोगशाळेतील परीक्षा पुरेशी विश्वसनीय नसल्याने, त्या नावास मान्यता देण्याचे नाकारले. नाव नामंजूर झाल्याने रोग्यांचे दुःख तिळभरही कमी झाले नाही, आणि त्यांच्या दुःखामुळे ‘संपूर्ण’ हा शब्दही सिद्ध झाला नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती.

ज्ञान सोपाधिक आहे म्हणून ते मिथ्या आहे, असे मानणारा शून्यवादी आणि तबकडीलाच वेदवाक्य समजणारा भाबडा, हे दोघेही सारखेच चुकतात. अशा चाचण्यांत वापरतात त्या म्युलर-हिंटन अगारचा सामू 7.2 ते 7.4 आणि थराची जाडी 4 मिलिमीटर असावी, असे नियम मुक्रर करण्यात आले ते जंतूचे निरपेक्ष स्वरूप गवसले म्हणून नव्हे, तर अटी समान ठेवल्यानेच एका गावचा निष्कर्ष दुसऱ्या गावच्या निष्कर्षाशी रुजू घालता येतो म्हणून. रोग्याचे शरीर हे तर तिसरेच माध्यम; त्याची आम्लता, त्याची उष्णता, त्याचे रक्षक रक्त तबकडीत कधीच उतरत नाही. तरीही वैद्याला आज रात्री औषध द्यावयाचे असते. निरुपाधिक सत्याची वाट पाहत हात आखडून बसणे ही नम्रता नसून अहंकाराचेच सूक्ष्म रूप आहे. आपल्या निर्णयाच्या अटी जो स्पष्ट सांगतो आणि त्या सांगूनही कर्म टाळीत नाही, त्यालाच निर्णय देण्याचा खरा अधिकार पोचतो.